'आणि' कुठे येतो

पहिला मेसेज गेला तो असा:
उद्या पाणी येणार नाही,
मग चौकटी कंस, कंसात अवतरणचिन्हं,
अवतरणात सातपूर, अवतरणात अंबड,
अवतरणात उपनगर, कंस बंद.
प्रोग्रामच्या पोटात होतं तसंच्या तसं,
न निवडता, न धुता,
अकरा हजार फोनांवर.

सकाळी खैरनारांचा फोन.
नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त,
चौतीस वर्षं नोटांवरचे आकडे तपासलेले डोळे.
"मॅडम, आमच्या उपनगरला कंसात का घातलंय?
कंसातलं वगळलं तरी चालतं,
असं आम्ही शाळेत शिकलो."

बघते म्हटलं.
अंबडच्या ऑफिसात, शेजारच्या शेडमध्ये
पत्रा कापणारं यंत्र ठोके घालत असताना
एक लहानसं फंक्शन लिहायला घेतलं.
यादी आत, वाक्य बाहेर.
चहा यायच्या आत होईल असं वाटलं होतं.

नावामागून नाव, मध्ये स्वल्पविराम, एवढंच तर.
पण असं कोण बोलतं?
भद्रकालीतली भाजीवालीसुद्धा म्हणते
मेथी, शेपू, कांद्याची पात नि हे आलं,
आणि त्या 'नि'वर तिचा हात
तराजूवरून उचलला जातो.
गिऱ्हाईक पिशवीचं तोंड आवळतं.
मला तेवढंच हवं होतं,
संपत आल्याची खूण.

मसुदा खैरनारांना पाठवला. उत्तर लगेच:
"'आणि'च्या आधीचा स्वल्पविराम काढा.
'आणि' आला की त्यानं उठून जागा द्यायची."
काढला.
दोनच नावं असतील तर स्वल्पविराम येतच नाही:
गंगापूर रोड आणि मखमलाबाद.
मधली गंगा 'आणि' एकटाच ओलांडतो.
आणि एकच असेल तर, म्हसरूळ.
यादी म्हणावं असं काही उरत नाही तिथे,
नुसतं नाव, अंगणातून हाक मारल्यासारखं.

सिडकोतल्या सोनजेबाई रागावल्या,
"कायम 'आणि'च्या मागे आम्हीच का?"
अकारविल्हे लावते हो, मी म्हटलं.
"मग तुमचा 'अ' कुठं राहतो ते सांगा,
तिथं घर बघते."

शून्य माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मंगळवारी दुरुस्ती कुठेच नव्हती.
यादी रिकामी, वेळ झाली, मेसेज सुटला:
उद्या या भागांत पाणी येणार नाही,
पुढे दोन टिंबं, एक मोकळी जागा
आणि पूर्णविराम.
त्या मोकळ्या जागेत
ज्यानं त्यानं आपलीच गल्ली वाचली.
रात्री साडेअकराला अख्खं नाशिक पाणी भरत होतं.
पंचवटीत पिंपं, जेलरोडला ड्रम,
कुणा लग्नघरानं तर टँकरच सांगितला.
आमच्या आईनं कुकरची भांडीसुद्धा भरली,
शिट्टीवालं झाकण उलटं करून त्यातही वाटीभर.
धरण काठोकाठ. नळ धो धो.
मी स्वयंपाकघरात उभी, हातात फोन,
आणि सांगायची हिंमत नाही
की हे माझंच.

बुधवारी दोन ओळी वाढवल्या:
काही नसेल तर काही बोलू नकोस.
खैरनारांना तेही पटलं नाही.
"गप्प कशाला? उद्या सगळीकडे येणार,
असं सांगा की.
तेवढं ऐकायला कुणी नको म्हणतंय?"
सरकारी मजकुरात ते वाक्य बसत नाही.
मंजुरीला पाठवलंय. अजून कुणी वाचलेलं नाही.

आज शनिवार. पाच नावं.
पाठवायच्या आधी मोठ्यानं वाचून बघते,
शेवटच्या नावाआधी किंचित थांबून:
अंबड, अशोकनगर, इंदिरानगर, पाथर्डी फाटा
आणि सिडको.
तिसरं आमचं.
बटण दाबलं, आणि उठून
बादली नळाखाली लावली.